सरकारी अतिरेकी

पहिली गोळी भिकाजी दहीभातेच्या छातीवर बसली, दुसरी पोटावर, आणि तिसरी काही गरज नसताना डोक्यावरच्या टोपावर. नियमाप्रमाणे तो एक पाऊल मागे गेला, भिंतीला टेकला, हातातली लाकडी बंदूक सोडली आणि सावकाश घसरत खाली येऊन मेला. घाईने मरणं त्याला पसंत नव्हतं. घाईने मेलं की पोरांचं शिकणं कच्चं राहतं, असं त्याचं मत होतं.

"एक मिनिट चाळीस," बाहेरून राजेंद्र उस्तादांचा आवाज आला.

मेलेल्या भिकाजीने एक डोळा उघडला. "कालच्यापरीस पाच सेकंद कमी," तो पडल्या पडल्या म्हणाला. "लय तयार पोरं हायेत, उस्ताद. सात घरं हायेत, पन नेमकी माज्यावरच आली बगा."

"भाऊ, तुम्ही मेलाय."

"व्हय, व्हय," म्हणत भिकाजीने डोळा मिटला.

आता हा काय प्रकार, ते सांगितलं पाहिजे. पवनेच्या धरणामागे डोंगराच्या पोटाशी कमांडोंचं एक केंद्र आहे. त्याचं नाव सांगायची परवानगी नाही, आणि मावळात ते ठाऊक नाही असा माणूस नाही, तेव्हा आपण नुसतं केंद्र म्हणू. फौजेतून वेचून काढलेली, दगड खाऊन पचवतील अशी पोरं तिथे येतात. तीन महिन्यांत जी टिकतात, ती देशात जिथे आग लागेल तिथे पाठवली जातात. त्यांच्या सरावासाठी केंद्रात सात घरांची एक खोटी वस्ती बांधलेली आहे. दारं आहेत, खिडक्या आहेत, मधून गल्ली आहे, राहणारं मात्र कोणी नाही. सातांतल्या एका घरात अतिरेक्याने लपायचं, बारा जणांच्या तुकडीने त्याला हुडकून मारायचं, आणि उस्तादांनी घड्याळ लावायचं. गोळ्या रंगाच्या असतात, पण लागायच्या त्या लागतातच.

हा अतिरेकी म्हणजे बेडशाचा भिकाजी. कागदावर तो माळी. एकोणीस वर्षांपूर्वी केंद्रातला पेंढा भरलेला अतिरेकी पावसात भिजून कुजला. नव्यासाठी अर्ज गेला, आणि त्या वेळचे उस्ताद झाडांना आळी करत बसलेल्या भिकाजीला म्हणाले, "नवा येईपर्यंत जरा आत जाऊन बसतोस का?" नवा अजून आलेला नाही. सरकारी कामच ते. वर्षाला दोनशे दिवस धरले तरी भिकाजी आजवर जवळजवळ चार हजार वेळा मेला असेल. आणि गंमत बघा, वरची तीन भावंडं गेली म्हणून त्याच्या आईने, सरुबाईने, देवापुढे पदर पसरून हे पोर मागून घेतलं होतं आणि मरणाची नजर लागू नये म्हणून नाव भिकाजी ठेवलं होतं. ती माउली वरून हे रोज बघत असेल तर काय म्हणत असेल, देव जाणे.

भिकाजीला मात्र आपल्या कामाचा अभिमान होता. कामशेतच्या बाजारात कोणी विचारलं, "काय करता हल्ली?" तर तो माळीकाम सांगत नसे. "पोरं घडवतो," म्हणायचा. टीव्हीवर कुठे चकमकीची बातमी लागली, की तो भाकरीचा घास हातात धरून बसायचा आणि आपली माणसं सुखरूप आहेत असं कळलं की मगच तोंडात घालायचा. सहाशे पोरं त्याला मारून शिकली होती. ती सगळी त्याचीच होती.

तर तो दिवस होता सत्तावीस एप्रिल. तीस तारखेला भिकाजी निवृत्त होणार होता. आणि नेमक्या त्याच आठवड्यात वरून परीक्षणाला मेजर यशोधरा भालेराव आल्या होत्या. बाई किडकिडीत, बोलणं कमी, हातात कायम एक वही. दोन दिवस त्या नुसत्या वस्तीतून हिंडत होत्या आणि लिहीत होत्या. कोणाला काही म्हणत मात्र नव्हत्या.

भिकाजी रंग पुसत बाहेर आला तेव्हा बाईंनी बाराही जणांना चौथ्या घरासमोर रांगेत उभं केलं होतं.

"सात घरं आहेत," त्या म्हणाल्या. "पहिल्या तीन घरांत तुम्ही डोकावलासुद्धा नाहीत. सरळ चौथं. काल सरळ सहावं. हे कसं जमतं?"

कोणी बोलेना. शत्रूच्या हाती सापडलं, नखं उपटली तरी तोंड उघडायचं नाही, असं त्या पोरांना शिकवलेलं असतं. पण मेजर यशोधरा शत्रू नव्हत्या. त्या वाट बघत शांत उभ्या राहिल्या, आणि तीन मिनिटांत जुन्नरकडचा सोपान नावाचा एक लांबडा गडी कोसळला.

"चपला, मॅडम."

"कसल्या चपला?"

"काकांच्या. ते ज्या घरात असतात, त्याच्या बाहेर असतात."

सगळ्यांनी मान वळवली. चौथ्या घराच्या पायरीशी भिकाजीच्या टायरच्या तळाच्या चपला, एकीला एक लावून, शिस्तीत ठेवलेल्या होत्या.

आता यात भिकाजीचं काय चुकलं? जन्मात तो कधी पायताण घालून कुणाच्या घरात शिरला नव्हता. खोटं असलं म्हणून काय, घर ते घर. तेही त्याने स्वतः झाडलेलं. शिवाय सातही घरांत त्याने एकवीरा आईचं कॅलेंडर लावलं होतं, उगाच घर भकास वाटायला नको म्हणून. तिच्यासमोर चपला घालून कसं बसायचं? हातात बंदूक घेऊन बसायला हरकत नव्हती, ते सरकारी काम होतं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"आमच्या आधीच्या तुकडीनं."

"त्यांना?"

"त्यांच्या आधीच्या."

असं करत करत प्रश्न मागे मागे जाऊ लागला आणि बाराही जणांचे डोळे, नको नको म्हणत, राजेंद्र उस्तादांवर जाऊन थांबले. उस्ताद स्वतः याच केंद्रात शिकलेले, नवव्या तुकडीतले. ते हातातल्या घड्याळाकडे असे बघत होते, जणू त्यात काही बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

"म्हणजे देशातली सगळ्यात तयार माणसं एकोणीस वर्षं इथे चपला शोधायला शिकली," बाई म्हणाल्या. त्यांनी वही मिटली. "हा निकाल रद्द. तीस तारखेला पुन्हा परीक्षा." मग भिकाजीकडे वळून त्या सौम्यपणे म्हणाल्या, "काका, तुमचा काही दोष नाही हं."

त्या चार शिव्या देत्या तर भिकाजीला परवडलं असतं.

त्या संध्याकाळी बेडशाच्या घरी तो ताटावर बसला आणि नुसता बसूनच राहिला. शालन चुलीपुढे भाकरी थापत होती. नवऱ्याचं हे मरायचं काम तिला पहिल्यापासून मान्य नव्हतं. मरणाची चेष्टा करू नये, ते ऐकत असतं, असं तिचं म्हणणं. घरात तो शब्दसुद्धा काढायची बंदी होती, आणि दर शनिवारी मीठमोहऱ्या उतरवून ती त्याची दृष्ट काढायची, चुकली नाही कधी. भिकाजीने घडलेलं सगळं सांगितलं तेव्हा आधी तिला हसूच फुटलं.

"आवं, एवढं एक काम दिलं सरकारनं. त्ये बी तुमास्नी धड जमलं न्हाई व्हय?"

"हसू नगंस," भिकाजी म्हणाला. "खरा अतिरेकी काय पायताण काडून बसतोय का? आन् आपली पोरं जातील तितं, दाराशी पायताण हुडकत ऱ्हातील. न्हाई दिसलं तर म्हनतील, घर मोकळंच हाये. आन् आतून गोळी आली म्हंजी?"

शालनचे हात थांबले.

"सहाशे पोरं, शालन. कुटं कुटं हायेत, मला ठावं बी न्हाई. मी वाटोळं केलं त्यांचं." आणि साठ वर्षांचा भिकाजी ताटापुढे बसून रडायला लागला. शालनने तव्यावरची भाकरी करपू दिली, जे तिच्या हातून सहसा होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद केंद्रात पोचतात न पोचतात तोच भिकाजीने त्यांना फाटकात गाठलं.

"समद्या जुन्या पोरांना फोन लावा. म्हनावं, पायताणं बगू नका."

"भाऊ, सहाशे जण आहेत. कोण कुठे आहे हे मलाही सांगत नाहीत."

"मंग मी मोठ्या सायबांकडं जातो. न्हाईतर मॅडमकडं. नवव्या तुकडीचं बी सांगतो."

नवव्या तुकडीचं बाईंना आधीच कळलं होतं, पण उस्तादांना मनातून अपराधी वाटत होतंच. दुपारी जेवणं झाल्यावर ते आपली जुनी डायरी घेऊन आले. पहिला नंबर लागला नाही. दुसऱ्यावर कोणा भलत्याच बाईने दम दिला. तिसरा लागला. तो तिसऱ्या तुकडीतला संदेश होता, साताऱ्याकडचा, आता हवालदार झालेला. उस्तादांनी फोनचा आवाज मोठा केला आणि तो भिकाजीपुढे धरला.

"मी भिकाजी बोलतोय, माळी. तुमी मला मारायचा न्हाई का," भिकाजीने ओळख दिली. "आईक बाबा, माझी लय मोठी चूक झालीया. दाराशी पायताण बगून जाऊ नगंस."

पलीकडून संदेश म्हणाला, "काका, त्या चपलांपायी मी जिता आहे, आणि तुम्ही म्हणताय बघू नको?"

"काय म्हनलास?"

"वरच्या मुलखातलं गाव होतं, सगळा बर्फ. एका घरात शिरायचं होतं. दारातली बाई म्हणाली, आम्ही तिघंच आहोत. आत बघितलं, तिघंच होती. पण काका, पायरीशी जोड चार होते. दुसरा कोणी असता तर आत गेला असता. मला तुमच्या चपला आठवल्या आणि माझा पाय उंबऱ्यातच अडला. चौथा वर माळ्यावर बसला होता, बंदूक लावून."

"पायताण काडून?"

"बूट काढून. त्या बाईनं बुटानं घरात घेतलाच नसणार हो त्याला. कुठलं का घर असेना, बाई ती बाईच. माझ्यामागं चार पोरं होती, काका. सगळी घरी पोचली."

भिकाजीला बोलायचं होतं पुष्कळ. उस्ताद दुसरीकडे बघत होते. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "जेवलास का?"

"जेवलो, काका."

"बरं मंग," असं म्हणून त्याने फोन परत दिला आणि उठून झाडांना पाणी घालायला गेला. एकाच झाडाला त्याने तीन वेळा पाणी घातलं.

तीस तारखेला मात्र भिकाजी पुरत्या तयारीने आला. चपलांचा धडा चांगला होता हे खरं, पण तो एकच होता, आणि ही बारा पोरं दुसरं काहीच न शिकता गेली तर ते पाप पुन्हा त्याच्याच माथी येणार होतं. त्याने रात्रभर विचार केला होता. चपलांनी घात केला, तर चपलाच नकोत. सकाळी निघताना शालन मागून ओरडली, "आवं, पायताण ऱ्हायलं," पण तो वळला नाही. तसाच अनवाणी गाडीरस्त्याला लागला.

नियम साधा होता. तासाभरात अतिरेकी सापडला नाही तर बाँब फुटला असं धरायचं आणि तुकडी नापास. मेजर यशोधरा आणि उस्ताद टेहळणीच्या मनोऱ्यावर चढले. शिट्टी झाली.

बाराही जणांनी सवयीने आधी पायऱ्या बघितल्या. सातही पायऱ्या मोकळ्या. मग त्यांनी नीट, शिकवल्याप्रमाणे, पहिल्या घरापासून सुरुवात केली. खाटा उलट्या केल्या, कपाटं उघडली, माळे बघितले. एकाने तर एकवीरा आईच्या कॅलेंडरमागेही बघितलं. सात घरं झाली, भिकाजी नाही. पुन्हा पहिल्यापासून सात घरं झाली. भिकाजी नाहीच.

भिकाजी गल्लीत झाडू मारत होता.

अंगात सदऱ्याखाली गोळ्या झेलायची जाड बंडी होती, त्यामुळे तो जरा सुटल्यासारखा दिसत होता, इतकंच. पालापाचोळ्याच्या पाटीत तळाशी लाकडी बंदूक होती. त्याच्या बाजूने पोरं धावत होती. "काका, बाजूला व्हा," म्हणून एकाने त्याला हाताने सरकवलं. दुसरा त्याच्या केराच्या ढिगावरून उडी मारून गेला. तिसऱ्याने तर थांबून विचारलं, "काका, कोणी दिसलं का इकडं?"

"न्हाई बा," भिकाजी म्हणाला.

हातात झाडू आला की माणूस दिसेनासा होतो, हे भिकाजीला माळीकाम धरून सत्तावीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. पण इतका दिसेनासा होतो, हे त्याला नव्याने कळलं. ही पोरं रोज त्याला मारत होती, आणि हातात झाडू बघितल्यावर त्यातलं एकही त्याच्या तोंडाकडे बघत नव्हतं. त्याला वाईट वाटलं. मग त्याने मनाला समजावलं की हे वाईट वाटणं उद्यापासून करायला भरपूर वेळ आहे, आणि झाडत राहिला.

मनोऱ्यावर उस्तादांना तो पंधराव्या मिनिटाला दिसला. त्यांनी तोंड उघडलं. मेजर यशोधरांना तो पहिल्याच मिनिटाला दिसला होता. त्या म्हणाल्या, "गप्प बसा. वेष बदलू नये असं नियमात कुठे लिहिलंय?"

चाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली. पोरं घामाने निथळली होती. एकजण रिकाम्या पिंपात तिसऱ्यांदा बघत होता. आपण जिंकतोय याचा अर्थ ही पोरं हरताहेत, हे भिकाजीच्या लक्षात आलं. पण आता आपण होऊन पुढे जायचं नाही, खरा अतिरेकी जाणार नाही, हे त्याने पक्कं ठरवलं होतं.

त्रेपन्नाव्या मिनिटाला सोपान धावता धावता थांबला. एप्रिलचं ऊन, गल्लीत फरशी. भिकाजी झाडता झाडता एक पाय उचलत होता, मग दुसरा.

"काका," सोपान म्हणाला, "चपला कुठंयत?"

"घरी."

"का?"

भिकाजीचा हात पाटीकडे गेला. पण सोपान कमांडो होता. पाटीतली बंदूक बाहेर येईपर्यंत भिकाजीच्या छातीवर दोन गोळ्या बसल्या. दोनच, आणि दोन्ही जिथे बसायला हव्यात तिथे. डोक्यावर टोप नव्हता, आणि डोक्याकडे त्याने नेमही धरला नव्हता.

भिकाजी आपल्याच केराच्या ढिगावर पडला. एवढ्या आनंदाने तो आजवर कधी मेला नव्हता. त्याला विचार करून मारलं होतं. चार हजार वेळांत पहिल्यांदा.

"काका, लागलं का हो?" सोपान वाकून विचारत होता.

"मेलेल्याला इचारू ने," भिकाजी डोळे मिटूनच म्हणाला.

संध्याकाळी शाल झाली, श्रीफळ झालं, भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं. मेजर यशोधरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की या केंद्रातला सगळ्यात अवघड शत्रू आज निवृत्त होत आहे. टाळ्या झाल्या. जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, की नव्या अतिरेक्याचा अर्ज अखेर मंजूर झाला आहे. तो रबराचा आहे आणि विजेवर चालतो.

एक तारखेला भिकाजी सवयीने पहाटे उठला, अंघोळ केली, आणि ओट्यावर येऊन बसला. लेणी बघायला आलेल्या दोन गाड्यांनी रस्ता विचारला, तो त्याने सांगितला. शालनने चहा दिला, तो निवला. ऊन ओट्यावर आलं तरी तो तिथेच होता. हात गुडघ्यांवर, नजर समोर.

"दुखतंय का काय?" शालनने दारातून विचारलं.

"न्हाई."

"मंग?"

"काय न्हाई," भिकाजी म्हणाला. "ह्या वक्ताला रोज माझं उरकलेलं असायचं. अंगावरला रंग धुऊन, च्या पिऊन मोकळा व्हायचो. आज कुनी आलंच न्हाई."

शालन त्याच्याकडे बघत राहिली. मग आत गेली. तव्यावर भाकरी होती, ती तिने उतरवली. हातात उलथनं तसंच घेऊन ती पुन्हा दारात आली, गल्लीत कोणी बघत नाही ना हे दोन्हीकडे वळून पाहिलं, आणि ते उलथनं नवऱ्यावर रोखलं.

"ठो," ती हळू आवाजात म्हणाली.

भिकाजीने मान वर केली. तिचा नेम बरोबर छातीवर होता. छातीवर हात ठेवून, अजिबात घाई न करता, तो ओट्यावर आडवा झाला. त्याचं नीट मरून होईपर्यंत शालन दारातच उभी राहिली.

"उठा आता," मग ती म्हणाली. "भाकरी गार व्हतीया."